एकदाच उघडायचं

६ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मुद्दाम तुमच्या चष्म्याच्या दुकानावर पाठवतेय. घरी फोन दादाच्या उशाशी आणि टपाल उघडणारा तोच, म्हणजे आपलं गुपित संध्याकाळच्या आत फुटणार. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचा आणि फाडून टाका.

तर, ठरवलं मी. त्या दिवशी लिव्हरचे डॉक्टर म्हणाले ना, "रक्तगट जुळतो, सख्खी बहीण आहे, सगळं चांगलं आहे. पण तुमच्याच लिव्हरवर चरबी साठलीय. पंच्याहत्तर किलोच्या खाली या, मग तुमच्या लिव्हरचा तुकडा भावाला देता येईल का ते बघू." तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि पटकन नजर वळवलीत. वळवणारच हो. एकशे अठरा किलोची बाई पंच्याहत्तरवर कधी येणार? वीस वर्षं मी डाएट करतेय. सोमवारी सुरू, बुधवारी बंद. आणि दादाच्या हातात डॉक्टर वर्षभरच सांगतात.

म्हणून वजनाचं ऑपरेशन करून घेतेय. दुर्बिणीतून करतात, जठराचा मोठा भाग कापून टाकतात आणि बारीक नळीएवढं ठेवतात. मग माणूस चार चमच्यांत आडवा. सात-आठ महिन्यांत पंचेचाळीस किलो जातात म्हणे. हिशेब बरोबर बसतो.

दादाला मी गुडघ्यांचं कारण सांगणार आहे. ते त्याला पटेल. ट्रक तोलायच्या आमच्या वजनकाट्याच्या केबिनला तीनच पायऱ्या आहेत, पण त्या चढताना माझा जीव वर येतो. परवा एक ट्रकवाला म्हणाला, "बाई, आधी तुम्ही काट्यावरून उतरा, मग गाडी चढवतो." मी त्याला दहा मिनिटं उन्हात उभा केला.

खरं कारण दादाला कळता कामा नये. माझ्यासमोर म्हणाला होता, "माझ्यासाठी ढब्बूच्या अंगाला सुरी लागली तर मी औषधं बंद करीन." हा माणूस बोलतो ते करतो, तुम्हाला मी काय सांगू.

तुमची
ढब्बू

१५ फेब्रुवारी

ढब्बूताई,

पत्र वाचलं आणि काउंटरमागे बसून रडले. मालक म्हणाले, चष्मा बदला, डोळ्यांतून पाणी येतंय. हो म्हटलं.

मी तुम्हाला 'करा' कसं म्हणू? आणि 'नका करू' तरी कोणत्या तोंडाने म्हणू? माझा रक्तगट जुळत नाही. लिव्हरसाठीच्या यादीत यांचं नाव आहे, पण पुढे किती माणसं आहेत ते विचारायचं मी सोडून दिलंय. आमच्या हातात तुम्ही आहात, दुसरं काही नाही.

ते दिवसेंदिवस पिवळे पडतायत. पोटात पाणी होतं, परवा पाच लिटर काढलं. तरी सकाळी उठून हत्यारांची पेटी पुढ्यात घेतात, एखादा जुना तराजू पुसत बसतात. कालचं आज आठवत नाही कधीकधी. तुमचं नाव मात्र दिवसातून चारदा घेतात.

एकच सांगते. तुमच्या त्या वजनाच्या डॉक्टरांना सगळं नीट सांगा. लपवू नका काही.

वहिनी

२ मार्च

दादा,

तुला बातमी ऐकून हसू येणार, पोट धरून हस. मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतेय. गुडघे बोंबलतायत. दोन्ही गुडघे बदलण्यापेक्षा वरचा माल कमी केलेला बरा, असं केबिनमध्ये माझ्याबरोबर पावत्या फाडणाऱ्या आमच्या पावतीवालीचं मत पडलं.

आता कामाचं विचारते. सोनोग्राफीत माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. दुखत-खुपत काही नाही, मला पत्तासुद्धा नव्हता. डॉक्टर म्हणतात, वजन भराभर उतरलं की हे खडे त्रास देऊ शकतात, तर त्याच ऑपरेशनमध्ये पिशवी काढून टाकू का? नको असेल तर राहू द्या म्हणाले, पुढे दुखलं तर तेव्हा बघू. निर्णय माझ्यावर टाकून मोकळे झाले. मला ठरवता येत नाही. तू सांगशील तसं करते, नेहमीसारखं.

जेवतोस का नीट? खोटं लिहू नकोस.

ढब्बू

९ मार्च

ढब्बे,

हसलो. पोट धरून हसलो, आता पोट धरायला भरपूर आहे. तू बारीक होणार आणि मी असा फुगलेला. रस्त्यात लोक म्हणतील, भाऊ-बहिणीने अदलाबदल केली.

अगं, यात विचारायचं काय? बाबांच्या दुकानात तू माझ्याशेजारी बसून शिकलीस की नाही? काटा दुरुस्तीला आला की आपण शिशाचं सील तोडतो. एकदा सील तोडलं की गिऱ्हाइकाने सांगितलेलं एक काम करून झाकण लावायचं नाही. आतलं सगळं बघायचं, जे जे उद्या बिघडेल ते आजच काढायचं, आणि मगच बंद. कारण दुसऱ्यांदा उघडलं की सील पुन्हा तोडा, तपासनीस पुन्हा बोलवा, गिऱ्हाईक शिव्या घालणार ते वेगळंच. बाबा कानाला धरून सांगायचे, एकदाच उघडायचं.

तुझं पोट एकदा उघडतायत ना? मग ती पिशवीही काढून घे. खडे घेऊन फिरतेस कशाला, रस्ता बांधायचाय का?

डॉक्टरला म्हणावं, माझा भाऊ काटेवाला आहे, त्याने सांगितलंय.

दादा

ता. क. गुडघ्यांचं ऐकून बरं वाटलं. कधीतरी स्वतःसाठी काही करतेयस.

२१ मार्च

वहिनी,

उद्या सकाळी मला आत घेतील. बॅग भरून बसलेय. केबिनची किल्ली पावतीवालीकडे दिली, झाडाला पाणी घालायला सांगितलं.

सगळ्या कागदांवर सह्या केल्या. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, दुखत काही नाही, डॉक्टर नको तर राहू द्या म्हणाले, पण तीही काढून घेतेय त्याच झटक्यात. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

तुम्ही रागवाल, पण लिव्हर द्यायचंय हे मी या डॉक्टरांना सांगितलं नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. पण ते म्हणाले असते, थांबा, आधी त्या डॉक्टरांशी बोलतो, मग हा रिपोर्ट, मग तो रिपोर्ट, आणि दोन महिने गेले असते. दादाकडे दोन महिने जास्तीचे कुठे आहेत? यांनी वजन उतरवावं, पुढचं पुढे.

वहिनी, मला भीती वाटत नाहीये, खरंच. आयुष्यात पहिल्यांदा या देहाचा कुणाला तरी उपयोग होणार आहे. इतकी वर्षं नुसता वाहून नेला.

ढब्बू

१८ एप्रिल

ढब्बूताई,

महिना झाला. तुमचा फोन बंद. पावतीवाली बाई एवढंच सांगतात, "बरं आहे, बरं आहे." बरं असतं तर तुम्ही बोलला असतात. यांना मी सांगते की ढब्बूताईंना आराम सांगितलाय. दोन ओळी लिहा. कशाही लिहा.

वहिनी

२९ मे

वहिनी,

बसून लिहायला जमायला लागलं तेव्हा लिहितेय. आधी दोनदा लिहिलं आणि फाडलं.

जठराचं ऑपरेशन उत्तम झालं. त्यात काडीचा दोष नाही. बिघडलं ते पित्ताच्या पिशवीचं. पिशवी काढताना तिच्याशेजारची नळी, लिव्हरमधून पित्त खाली आणणारी मुख्य नळी, तीच कापली गेली. चिकटलेली होती म्हणाले, ओळखू आली नाही. चौथ्या दिवशी मी हळदीसारखी पिवळी झाले. आरशात बघितलं तर दादाच दिसला मला. पोटात पित्त पसरलं होतं. ताप, नळ्या, पिशव्या, सगळं झालं. मग दुसऱ्या हॉस्पिटलात नेऊन पुन्हा पोट उघडलं, या वेळी दुर्बीण नाही, छातीखालून आडवं. आतड्याचा तुकडा वर ओढून लिव्हरला जोडलाय. त्याच्यावर आता माझं चालायचं, टिकेल तोवर.

हे सगळं मी सोसलं असतं. पुढचं लिहायला हात उठत नाही.

गेल्या आठवड्यात पावतीवालीला घेऊन तुमच्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेले होते. तुमच्या घराच्या चार गल्ल्या अलीकडून परत फिरले, घरी आले नाही. त्यांनी स्कॅनचे फोटो बघितले, बराच वेळ बघितले. मग म्हणाले, या लिव्हरला आता हात लावता येणार नाही. आज नाही आणि कधीच नाही. मी म्हटलं, वजन उतरतंय हो, पंच्याण्णव झालंय. ते म्हणाले, "वजनाचा प्रश्नच राहिला नाही, बाई."

उठताना त्यांनी विचारलं, पित्ताची पिशवी काढायची घाई का केली? लिव्हरचा तुकडा घेताना ती आम्ही तशीही काढलीच असती.

तशीही काढलीच असती, वहिनी. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं.

ढब्बू

५ जून

वन्सं,

तुम्हाला ताई म्हणून लिहायला आज हात वळत नाही.

दुखत नव्हती ना पिशवी? डॉक्टरांनी राहू द्या म्हटलं होतं ना? मग कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणाच्या सल्ल्याने हा शहाणपणा सुचला? मी पदर पसरून सांगितलं होतं, सगळं सांगा त्या डॉक्टरांना. एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला. "मला भावाला लिव्हर द्यायचंय," एवढंच. त्यांनी त्या बाजूला हात लावला नसता. पण नाही, तुम्हाला सगळं स्वतःच्या मनाने करायचं.

तुम्हाला किती दुखलं असेल ते मला कळतं. पण मी रोज सकाळी या माणसाचे पाय दाबते, बोट रुतलं की खड्डा तसाच राहतो. मी दिवस मोजत होते, पंचेचाळीस किलोंना किती दिवस. आता मी काय मोजू?

१४ जून

वहिनी,

कुणी सांगितलं नव्हतं. माझंच डोकं. सगळं एकदम उरकायची हौस.

डॉक्टरांना सांगितलं नाही, तोही माझाच गुन्हा. तुम्ही लिहिलंत त्यातलं एक अक्षर चुकीचं नाही. आणखी लिहा, मी वाचेन.

पण हात जोडून एक मागते. दादाला यातलं काहीही कळू देऊ नका. लिव्हरचं नाही आणि पिशवीचं तर अजिबातच नाही. माझी शपथ आहे तुम्हाला.

ढब्बू

२० जुलै

ढब्बे

अक्षर बघून घाबरू नकोस. हात थरथरतो, पेन माझं ऐकत नाही. हे पत्र तीन दिवस लिहितोय.

तुझा फोटो बघितला, पावतीवालीने पाठवलेला. अगं, गाल कुठे गेले? बाबांनी ओळखलं नसतं तुला. ड्रेस केवढा ढगळ झालाय, नवीन शिव. मी फोटो उशाला ठेवलाय. दुपारी जाग आली की बघतो आणि म्हणतो, चला, आपल्या दोघांत एकाचं तरी काम मार्गी लागलं.

आणि सांग आता, पिशवीचं माझं ऐकलंस ते बरं झालं की नाही? न बघता, न उघडता, इथे पडल्या पडल्या काटा दुरुस्त केला मी. शेवटचा असेल. पण बरोबर केला.

तुझी वहिनी हल्ली गप्प असते. दमली असेल. तिला तू फोन करत जा.

दादा

२ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. अक्षराचं काय घेऊन बसलास, तुझं अक्षर आधीही कोंबडीचंच होतं.

हो, तुझं ऐकलं ते फार बरं झालं. डॉक्टरसुद्धा म्हणाले, वेळेवर काढलीत. खडे बशीत ठेवून दाखवले, नऊ होते. मी म्हटलं, माझ्या भावाचा सल्ला आहे, तो काटेवाला आहे. ते म्हणाले, हुशार माणूस दिसतो.

मी मजेत आहे. पायऱ्या धावत चढते. तो ट्रकवाला परवा म्हणाला, बाई बदलली का इथली?

तू विश्रांती घे. पत्र लिहायला तीन दिवस घालवू नकोस, एक ओळ लिही. एक ओळ पुरे.

तुझी
ढब्बू

११ ऑक्टोबर

ढब्बूताई,

त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले. तुम्ही आलात, भिंतीशी बसून राहिलात आणि गेलात. मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. आता बोलते. बोलले नाही तर मला वेड लागेल.

त्यांना मी सगळं सांगितलं होतं.

शपथ मोडली तुमची. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची दुकानातून आले तर तुमचा फोटो हातात धरून बसले होते. म्हणाले, "ढब्बू बघ कशी छान झाली. तिचं भलं झालं, आता मला काही नको." माझ्या पोटात इतके दिवस जे साठलं होतं ते सगळं तोंडावाटे बाहेर पडलं. मी म्हटलं, छान? ती तुम्हाला वाचवायला कापून घ्यायला गेली होती, आणि नको ती पित्ताची पिशवी स्वतःच्या मनाने काढून बसली, त्यात नळी कापली गेली, आता तिचंही लिव्हर गेलं आणि तुमचंही. सगळं सांगितलं, रागारागाने, काहीही मागे ठेवलं नाही.

त्यांनी एवढंच विचारलं, "स्वतःच्या मनाने काढली, असं ती म्हणाली?" मी म्हटलं, हो, पत्र आहे माझ्याकडे, माझंच डोकं म्हणून लिहिलंय. त्यांनी फोटो पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर औषधाचा चमचा तोंडाजवळ नेला की ओठ मिटून घ्यायचे. मला वाटलं, तुमच्यावर चिडलेत. खोटं कशाला बोलू, मला त्याचं बरंही वाटलं. तीन आठवडे काढले तसे.

काल हत्यारांची पेटी आवरायला घेतली. भावाबहिणीच्या टपालात मी कधी नाक खुपसलं नव्हतं. झाकणाच्या आतल्या कप्प्यात तुमची पत्रं होती, तारखेवार लावलेली. २ मार्चचं वाचलं. 'तू सांगशील तसं करते.' मग २ ऑगस्टचं वाचलं.

ताई, मला वाटलं होतं, पिशवीचं कळू देऊ नका म्हणताय ते स्वतःचं तोंड लपवायला. तुम्ही त्यांचं नाव एकदा मला लिहिलं असतं, एकदा, तर मी जीभ छाटून घेतली असती पण त्यांना सांगितलं नसतं.

पत्रांच्या खाली हा कागद होता. तुमच्या नावाचा आहे म्हणून पाठवते. पुरा झालेला नाही.

वहिनी

(सोबतचा कागद)

ढब्बे
एकदाच उघड असं मी म्हणालो. तू वहिनीला माझं नाव का नाही सांगितलंस. मी इथे बसून हसत होतो ग. मी तुला

२ नोव्हेंबर

वहिनी,

कागद मिळाला. 'मी तुला' याच्या पुढे काय असेल, याचा मी रोज विचार करते. तुम्हाला काही सुचलं तर मला कळवू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायचंय ते मला कळतं. दोष कुणाचा? तुमचा नाही म्हणावं तर तुम्हाला पटणार नाही, आणि मलाही पुरतं पटत नाही. मी नाव लपवलं म्हणून तुम्ही बोललात. तो बोलला म्हणून मी सही केली. त्याला वाटलं, मी गुडघ्यांसाठी करतेय, कारण मीच तसं सांगितलं. कुठूनही धरलं तरी दोरी माझ्याच हातात येते. पण म्हणून तुमचा हात मोकळा होतो असं नाही, वहिनी. मला तुमची समजूत घालता येत नाही. मला माफ करा आणि मी तुम्हाला माफ केलंय, हे दोन्ही लिहून बघितलं. दोन्ही खोटं दिसत होतं, म्हणून खोडलं.

कामावर जाते. पावतीवाली डब्यातलं दोन चमचे सूप समोर बसून प्यायला लावते. तेवढंच मावतं. पोटातल्या त्या जोडापायी अधूनमधून ताप येतो, मग दोन दिवस रजा.

आज सकाळी पहिली गाडी यायच्या आधी मी आमच्या धान्याच्या छोट्या काट्यावर उभी राहिले. दादानेच दुरुस्त करून दिलेला आहे तो, त्याचं सील अजून तसंच आहे. डॉक्टरांनी पंच्याहत्तरच्या खाली यायला सांगितलं होतं ना?

बहात्तर भरले.

तशीच उभी राहिले. पावतीवालीने दोनदा हाक मारली, बाहेर गाड्यांची रांग लागली होती. मला खाली उतरायचं सुचेना, वहिनी.

ढब्बू